आधी खातं, मग हातभार?

तुम्ही एका मुक्त ज्ञानकोशात काहीतरी वाचत आहात. वाचता वाचता लक्षात येतं की कुणाच्या तरी मृत्यूचं साल चुकलंय. खरं साल तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, पुरावाही हाताशी आहे. तुम्ही ‘संपादन’वर बोट टेकवता. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मजकूर लगेच उघडतो, तुम्ही दोन आकडे बदलता आणि अर्ध्या मिनिटात आपल्या कामाला लागता. नाहीतर समोर अर्ज येतो: सदस्यनाव निवडा, पासवर्ड ठरवा, ईमेल द्या, त्या ईमेलवर आलेला दुवा उघडा, वेडीवाकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करा. दोन आकड्यांसाठी एवढं कोण करत बसणार? बरेच जण पान बंद करतात आणि चुकलेलं साल तिथेच राहतं.

हा अर्ज आधी मागावा की नाही, हा वाद मुक्त ऑनलाइन समुदायांइतकाच जुना आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला, तेव्हा वाचणाऱ्या कोणालाही पानात थेट बदल करता यावा हीच त्यामागची कल्पना होती. १५ जानेवारी २००१ ला सुरू झालेल्या विकिपीडियाने तीच उचलली. आजही बहुतेक भाषांमधल्या विकिपीडियावर खातं न उघडता लेख दुरुस्त करता येतो. उलट अनेक समुदायांमध्ये खात्याशिवाय एक अक्षरही टंकता येत नाही. दोन्ही बाजूंकडे आपापली कारणं आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत असतात.

मला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो, कारण माझी स्वतःची सुरुवात अशाच एका बिनखात्याच्या दुरुस्तीने झाली. एक वेलांटी सुधारली होती, बस. त्या दिवशी अर्ज पुढे आला असता तर मी परत फिरलो असतो आणि आपण परत फिरलो हे माझ्या लक्षातही राहिलं नसतं.

खातं नेमकं काय करतं?

या वादात गोंधळ होतो तो इथे. ‘नोंदणी सक्तीची करा’ म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे स्मरण. खातं असलं की एका माणसाची कामं एका नावाखाली गोळा होतात. काल ज्याने चांगला परिच्छेद लिहिला तोच आज नवा लेख लिहितोय, हे इतरांना दिसतं. त्याच्या चर्चापानावर जाऊन ‘हा संदर्भ कुठून घेतलात?’ असं विचारता येतं, आभार मानता येतात, चुकला तर समजावता येतं. खात्याचा हा खरा आणि मोठा फायदा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कष्ट. खातं उघडायला दोन-पाच मिनिटं लागतात. जाता जाता पानावर शिवी लिहून पळणाऱ्याला तेवढेही कष्ट नको असतात, म्हणून तो गळतो. मात्र जाता जाता वेलांटी सुधारणाराही नेमका याच कारणाने गळतो. चाळणी माणसाचा हेतू पाहत नाही, त्याला किती चिकाटी आहे तेवढंच पाहते. ज्याला मुद्दाम विष कालवायचंय त्याच्याकडे चिकाटी भरपूर असते, त्यामुळे नोंदणीने सर्वात आधी अडतात ते हलके हात, चांगले आणि वाईट दोन्ही.

तिसरी गोष्ट म्हणजे ओळख. खातं असलं की माणूस कोण आहे ते कळतं, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात खात्यात असतं ते एक टोपणनाव आणि फार तर एक ईमेल, जो फुकटात हवा तितक्या वेळा मिळतो. एकाच माणसाने दहा खाती उघडून स्वतःच स्वतःला पाठिंबा द्यायचा, हा प्रकार इतका जुना आहे की त्याला ‘सॉकपपेट’ असं स्वतंत्र नाव पडलंय आणि तो शोधून काढण्याची मोठ्या विकींवर वेगळी यंत्रणा आहे. तेव्हा नोंदणीने स्मरण मिळतं, थोडे कष्ट लादले जातात, पण ओळख मात्र मिळत नाही. हे एकदा वेगळं करून पाहिलं की पुढचं बरंच सोपं होतं.

एका खोट्या लेखाची गोष्ट

नोंदणीच्या बाजूने सर्वात जास्त सांगितली जाणारी घटना २००५ मधली आहे. जॉन सीगेनथेलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. तरुणपणी ते राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते, आणि रॉबर्ट यांची हत्या झाली तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक होते. मे २००५ मध्ये कुणीतरी खातं न उघडता इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याबद्दल एक छोटा लेख तयार केला. जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता, असं त्यात लिहिलेलं होतं. धादांत खोटं. ते खोटं तब्बल चार महिने तसंच राहिलं. त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या नजरेस सप्टेंबरमध्ये पडलं, मग ते काढलं गेलं. नोव्हेंबरच्या अखेरीस सीगेनथेलर यांनी वर्तमानपत्रात सविस्तर लेख लिहून आपली व्यथा मांडली आणि जगभर खळबळ उडाली.

डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नियम बदलला: नवा लेख तयार करायचा तर खातं हवं. आधीपासून असलेल्या लेखात बदल करणं मात्र सगळ्यांसाठी खुलंच राहिलं.

आता या घटनेकडे जरा थांबून पाहू. सक्ती आधीपासून असती तर तो लेख टळला असता का? कदाचित. लिहिणाऱ्याने पुढे सांगितलं की एका सहकाऱ्याची गंमत करायला त्याने तो उद्योग केला होता. अर्ज पुढे आला असता तर कंटाळून त्याने तो सोडूनही दिला असता. पण तो पकडला कसा गेला, हे जास्त बोलकं आहे. खातं नसल्यामुळे पानाच्या इतिहासात त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेला क्रमांक, उघड नोंदला गेला होता. त्या क्रमांकाचा माग काढत एक जण थेट नॅशव्हिलमधल्या एका कचेरीपर्यंत पोचला आणि मग त्या माणसाने कबुली दिली. खातं असतं तर जगाला दिसलं असतं फक्त एक टोपणनाव.

आणि चार महिने ते खोटं टिकलं याचं कारण वेगळंच होतं: त्या लेखावर कुणाची नजरच नव्हती. खातेदाराने लिहिलेलं खोटंसुद्धा तिथे तितकंच टिकलं असतं.

नाव नसणं आणि लपलेलं असणं

वरच्या गोष्टीत एक उलटापालटा मुद्दा आहे. बिनखात्याचा माणूस ‘अनामिक’ म्हणवला जातो, पण विकिपीडियावर वर्षानुवर्षं तोच सर्वात उघडा होता. आयपी पत्त्यावरून तुमची इंटरनेट कंपनी कळते, अनेकदा शहराचा अंदाज येतो आणि जोडणी कार्यालयाची असेल तर कार्यालयही कळतं. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने विकिस्कॅनर नावाचं साधन बनवलं. विकिपीडियावरच्या बिनखात्याच्या बदलांचे आयपी पत्ते कोणकोणत्या संस्थांचे आहेत ते त्यातून शोधता यायचं. बड्या कंपन्यांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या जोडण्यांवरून आपापल्याच पानांवरचा अडचणीचा मजकूर खोडल्याची उदाहरणं पटापट बाहेर आली. त्यांनी खाती उघडली असती तर हे उघडकीला आलं नसतं.

कंपन्यांच्या बाबतीत हे बरंच झालं, पण एकट्यादुकट्या माणसासाठी तीच गोष्ट धोक्याची आहे. सत्तेला न आवडणारं सत्य लिहिणाऱ्याचा पत्ता कायमचा सार्वजनिक राहणं म्हणजे त्याला संकटात लोटणं. म्हणून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने मधला मार्ग काढला: तात्पुरती खाती. खातं न उघडता बदल केलात की तुमच्या नावे आपोआप एक क्रमांकवजा नाव तयार होतं. ते तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीला बांधलेलं असतं आणि ९० दिवस टिकतं. लोकांना तेवढंच नाव दिसतं. मूळ आयपी पत्ता फक्त उत्पात रोखण्याचं काम करणाऱ्या, अधिकार दिलेल्या सदस्यांना पाहता येतो. २०२४ च्या अखेरीस काही भाषांच्या विकिपीडियांवर याची सुरुवात झाली.

मला ही कल्पना मनापासून आवडते. यात अर्ज नाही, पासवर्ड नाही, तरीही थोडं स्मरण आहे. ‘तुम्ही काल तीन सालं बरोबर केलीत, धन्यवाद’ असं त्या नावाच्या चर्चापानावर लिहिता येतं आणि ते त्या माणसापर्यंत पोचतं. आयपी पत्त्यावर लिहिलेला निरोप कुणाला मिळेल याचा नेम नसे. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात आणि पत्ते सतत बदलतात. एकाला दिलेली ताकीद भलत्यालाच दिसायची, आणि एका उपद्रवी माणसासाठी पत्ता अडवला की त्याच्यासोबत कितीतरी निरपराध लोक बाहेर पडायचे.

जे आलेच नाहीत त्यांची मोजणी

आता मुख्य प्रश्नाकडे. नोंदणी सक्तीची केली तर समुदायाचं काय होतं? याचं उत्तर नुसत्या अनुभवावरून देणं अवघड आहे, कारण तोटा डोळ्यांना दिसत नाही. उत्पात दिसतो. शिवी लिहिलेली दिसते, ती पुसणारे थकलेले हात दिसतात. अर्ज पाहून परत फिरलेला माणूस मात्र कुठल्याच नोंदीत येत नाही. सक्ती केल्यावर दुसऱ्या दिवसापासून कचरा कमी झालेला दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, निर्णय योग्य ठरला.

बेंजामिन माको हिल आणि आरन शॉ या दोन संशोधकांनी ही न दिसणारी बाजू मोजायची युक्ती शोधली. आज फॅन्डम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पूर्वीच्या विकिया या ठिकाणी हजारो लहानमोठे विकी आहेत. त्यांपैकी काहींनी एके दिवशी अचानक नियम बदलून खातं सक्तीचं केलं होतं. असे १३६ विकी त्यांनी घेतले आणि नियम बदलण्याच्या आधीचे व नंतरचे बदल तपासले. एखादा बदल इतरांनी लगेच उलटवला की टिकू दिला, यावरून त्याचा दर्जा ठरवला.

निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा आहे. नवी खाती थोडी वाढली. निकृष्ट बदल मोठ्या प्रमाणात कमी झाले. म्हणजे सक्तीचे समर्थक खोटं बोलत नव्हते. पण चांगले बदलही कमी झाले आणि एकूण जे अडवलं गेलं त्यातला बहुतांश भाग चांगल्या कामाचा होता. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातली एक गोष्ट मला अनेक दिवस अस्वस्थ करत राहिली: ज्यांच्याकडे आधीपासून खाती होती, त्यांचं कामही घटलं. असं का व्हावं? मला वाटतं, समुदाय म्हणजे एकमेकांच्या कामावर केलेलं काम. कुणी अर्धवट परिच्छेद लिहून जातो, तो पाहून जुना सदस्य संदर्भ जोडतो, भाषा सुधारतो, त्यातून तिसऱ्याला नवा लेख सुचतो. येणारीजाणारी माणसं थांबली की जुन्यांच्या हातालाही काम उरत नाही आणि हळूहळू जागा ओस पडते. शिवाय खातं असलेला माणूस नेहमी लॉगिन करूनच वाचतो असंही नाही. दुसऱ्या उपकरणावर असताना, पासवर्ड आठवत नसताना, तोही बिनखात्याचाच असतो.

हे चित्र त्याआधीच्या दोन निरीक्षणांशीही जुळतं. २००६ मध्ये आरन स्वार्ट्झ या तेव्हा १९ वर्षांच्या तरुणाने एक साधा प्रश्न विचारला: विकिपीडिया लिहितो कोण? सहसंस्थापक जिमी वेल्स सांगत की बहुतेक काम मोजक्या शेकडो निष्ठावान सदस्यांचं आहे, आणि बदलांची संख्या मोजली तर ते खरंही होतं. स्वार्ट्झने बदलांची संख्या न मोजता, शेवटी लेखात टिकलेली अक्षरं कुणाची हे काही लेखांत तपासलं. बराचसा मूळ मजकूर अधूनमधून येणाऱ्यांचा निघाला, त्यांतल्या अनेकांचं खातंही नव्हतं. नेहमीचे सदस्य त्यावर मांडणी, वर्गवारी, शुद्धलेखन असे संस्कार करत होते. ही तपासणी मोजक्या लेखांची होती हे खरं, पण प्रश्न विचारण्याची पद्धतच तिने बदलली. पुढे डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी फ्रेंच आणि डच विकिपीडियावरची कामं तपासली, तेव्हा उत्तम दर्जाचं काम दोन टोकांना सापडलं: भरपूर काम करणारे खातेदार, आणि खातं न उघडता एखाददुसरी भर घालून निघून जाणारे. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना त्यांनी परोपकारी वाटसरू म्हणावं अशाच अर्थाचं नाव दिलं.

एखादा माणूस एकाच विषयातला जाणकार असतो. त्याला समुदायात राहायचं नसतं, नाव कमवायचं नसतं. त्याला ती एक चूक बघवत नाही, म्हणून तो थांबतो. अर्जाने आपण सर्वात आधी घालवतो तो हा माणूस.

गस्त घालणाऱ्यांचं दुःख

इतकं सांगितल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल, आणि ती बाजू मी जवळून पाहिली आहे. ‘अलीकडील बदल’ या पानावर रोज गस्त घालणारे लोक स्वयंसेवक असतात. दिवसभराचं काम आटोपून रात्री बसतात, आणि लेख लिहिण्याऐवजी कुणीतरी पंधरा पानांवर चिकटवलेली जाहिरात पुसत राहतात. पुसणं सोपं, एका टिचकीचं काम. पण कोणता बदल पुसायचा हे ठरवणं सोपं नसतं. एखाद्या गावाच्या लोकसंख्येतला एक आकडा बदललेला असतो. दुरुस्ती आहे की खोडी? शोधायला वीस मिनिटं जातात. अशा वेळी बदलणारा कोण, त्याने आधी काय केलंय हे दिसलं तर निर्णय झटकन होतो. बिनखात्याच्या बदलात हा आधार जवळपास नसतोच.

मोठ्या समुदायात यंत्रं मदतीला येतात. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, उघड उत्पात बहुतेकदा काही सेकंदांत उलटवतो. लहान समुदायाकडे असं काही नसतं. तीन माणसं जागी असतात आणि त्यातली दोन परीक्षेच्या काळात गायब होतात. पोर्तुगीज विकिपीडियाच्या सदस्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मतदान करून बिनखात्याचं संपादन बंद केलं, त्यामागे हाच थकवा होता. बाहेरून बसून त्यांना दोष देण्याचं धाडस मला होत नाही. पुसून पुसून शेवटचा स्वयंसेवक निघून गेला तर उघड्या दाराचा उपयोग कुणाला?

आणि काही कामांचं स्वरूपच असं असतं की मागे माणूस सापडला पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला आणि तिथे नकाशात बदल करायला खातं लागतं. लेखातली चूक वाचणाऱ्याला खटकते. नकाशात रस्ता दहा मीटर सरकला तर प्रत्यक्ष तिथे गेलेल्याशिवाय कुणाला कळणार? ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ असं विचारायला समोर कुणीतरी हवं. २०१२ मध्ये या नकाशाचा परवाना बदलला, तेव्हा तर प्रत्येक योगदात्याची संमती लागली. ज्यांची संमती मिळाली नाही त्यांचं काम नकाशातून काढावं लागलं. कोणती रेघ कुणाची हेच माहीत नसतं तर हा बदल करणं शक्यच झालं नसतं.

सक्ती ओळखीपर्यंत नेली तर

टोपणनावाने भागत नसेल तर खरं नावच मागा, असंही अनेकांना वाटतं. दक्षिण कोरियाने हे करून पाहिलं. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहिण्याआधी वापरकर्त्याची खरी ओळख पडताळणं तिथे कायद्याने बंधनकारक झालं. परिणामी संकेतस्थळांकडे कोट्यवधी लोकांच्या ओळखीचे तपशील साठले. २०११ मध्ये दोन मोठ्या सेवांवर एकाच वेळी घाला पडला आणि सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं नाही, लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यावर मात्र गदा आली, असं न्यायालयाला वाटलं.

ईमेल आणि पासवर्ड मागणाऱ्या लहान समुदायानेही हे मनावर घ्यायला हवं. मागितलेली प्रत्येक माहिती सांभाळावी लागते. फावल्या वेळात चालणाऱ्या समुदायाला ती नीट सांभाळता येईल का, हा प्रश्न अर्ज बनवण्याआधी विचारायचा असतो. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही.

कडी कुठे लावायची

माझं मत आता सांगतो. ‘खातं हवं की नको’ हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. घराला एकच दार नसतं. ओसरीवर कुणीही टेकावं, तिजोरीच्या खोलीला मात्र कुलूप असावं. खातं कोणत्या कृतीसाठी मागायचं हे ठरवावं, आणि पहिल्या छोट्या दुरुस्तीसाठी ते मागू नये.

कृतीचं वजन ठरवायला मी तीन गोष्टी पाहतो. चूक झाली तर नुकसान किती, ती उलटवायला वेळ किती लागतो, आणि तिच्यावर नजर किती जणांची आहे. वेलांटी सुधारणं, साल दुरुस्त करणं, एक संदर्भ जोडणं हे सगळं एका टिचकीने उलटतं. जिवंत माणसाबद्दल नवा लेख लिहिणं, पानाचं नाव बदलणं, चित्र चढवणं, मतदान करणं ही कामं वेगळी. मतदानाला तर खातं हवंच, नाहीतर एकच माणूस दहा हात वर करेल.

हे मी नव्याने सांगतोय असं नाही, मोठ्या समुदायांनी ठेचा खाऊन हेच शोधलंय. इंग्रजी विकिपीडियावर खातं चार दिवसांचं झालं आणि त्यातून दहा बदल झाले की काही अधिकार आपोआप मिळतात. वादग्रस्त पानांना अर्धसुरक्षा देतात. तिथे असा थोडा मुरलेला सदस्यच लिहू शकतो, बाकी लाखो पानं खुली राहतात. जर्मन विकिपीडियाने २००८ पासून आणखी वेगळी वाट धरली: कोणीही लिहावं, पण नवख्याने केलेला बदल एखाद्या अनुभवी सदस्याने नजरेखालून घातल्यावरच सर्वसामान्य वाचकाला दिसतो. यात वाट पाहावी लागते आणि तपासणारे कमी पडले तर रांग लांबते, तरी लिहिणाऱ्याला दारातून परत पाठवलं जात नाही. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत त्रुटी कळवायला आजही खातं लागत नाही, एक ईमेल पाठवला की झालं. प्रणालीत प्रत्यक्ष बदल घालण्याचा अधिकार मात्र कसून पारख केलेल्या माणसांकडेच असतो.

कडी योग्य जागी लावली तर नवखे पळतात का, याचीही चाचणी झाली आहे. इंग्रजी विकिपीडियाने सप्टेंबर २०१७ ते मार्च २०१८ असे सहा महिने नवा लेख तयार करण्याचा अधिकार फक्त त्या चार दिवस-दहा बदलवाल्या सदस्यांपुरता ठेवला. आधी कुठलंही नवं खातं हे करू शकत असे. नव्या पानांची तपासणी करणाऱ्यांचा भार हलका झाला, आणि नवखे टिकण्याचं प्रमाण लक्षणीय घसरल्याचं दिसलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये नियम कायम झाला. सगळं बंद करणाऱ्या १३६ विकींचा अनुभव आणि हा अनुभव शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे सक्ती वाढली, पण एकीकडे ती उंबरठ्यावर उभी होती आणि दुसरीकडे आतल्या खोलीच्या दाराशी.

तुमचा समुदाय लहान असेल आणि उत्पाताने खरंच नाकी नऊ आले असतील, तर तात्पुरती सक्ती करायला माझी हरकत नाही. तारीख ठरवून करा, सहा आठवडे किंवा तीन महिने. त्या काळात फक्त किती कचरा कमी झाला एवढंच मोजू नका. टिकलेले चांगले बदल किती होते आणि किती झाले, नव्याने आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा किती जण आले, जुन्या सदस्यांचं काम वाढलं की घटलं, हेही लिहून ठेवा. मुदत संपली की दार पुन्हा उघडा आणि आकडे सगळ्यांसमोर मांडा. मुदत न ठरवता लावलेली कडी कुणी काढत नाही, कारण बाहेर कोण उभं होतं हे आतल्यांना कधी कळतच नाही.

आणि दार उघडं ठेवणार असाल तर अर्जाची जागा बदला. तो आधी नको, नंतर येऊ द्या. चुकलेलं साल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला जतन केल्यानंतर एवढंच दिसावं: ‘तुमचा बदल नोंदला गेला, आभारी आहोत. यावर कुणी काही विचारलं तर तुम्हाला कळावं असं वाटत असेल, तर एक नाव निवडा.’ खाली दोन बटणं, ‘नाव निवडतो’ आणि ‘आत्ता नको’, दोन्ही सारख्याच आकाराची.